एकशेआठवं ठिकाण

१

पिशवीतून कौलं निघाली.

दोन कौलं, नवी, लालभडक, एकावर एक ठेवून पिवळ्या फडक्यात नीट गुंडाळलेली. हेराकाजी मानंधरने ती छापखान्याच्या टेबलावर ठेवली, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर घेतला आणि समोर बसलेल्या आशारत्न ताम्राकारांकडे पाहिलं. म्हाताऱ्याचा चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा फुललेला होता.

"पहिलंच चित्र बघ," आशारत्न म्हणाले. "काष्ठमंडप. भूकंपाच्या आधीचा. खांबन् खांब मोजून काढलाय."

आशारत्नांचा एक डोळा पाच वर्षांपूर्वीच गेला होता आणि दुसऱ्याला आताशा उजेड आणि सावली यापलीकडे फारसं कळत नव्हतं. हेराकाजीने त्यांचा हात धरला आणि कौलावर टेकवला. बोटं कौलाच्या कडेवरून फिरली, खाचेत थांबली. मग त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"माझी वही कुठाय, हेराकाजी?"

बेचाळीस वर्षं आशारत्नांनी काठमांडूत पाहुण्यांना फिरवलं होतं. त्यांनी पाहुण्यांसाठी शहराची वाटाडी वही लिहिली होती, एकशे आठ ठिकाणांची. प्रत्येक ठिकाणाचं चित्र, तिथवर पायी जायची वाट, कुठे डोकं वाकवायचं, कुठे नुसतं बघून पुढे जायचं, सगळं हातानं लिहिलेलं. दुसरी प्रत नव्हती. बारा वर्षांपूर्वी त्यांनी काही पानांच्या प्रती काढायला दिल्या होत्या आणि पुढच्याच हंगामात दुसऱ्या एका वाटाड्याची, टंकनाथ घिमिरेची, पुस्तिका बाजारात आली होती, चुकांसकट. तेव्हापासून वही घराबाहेर गेली नव्हती.

आज गेली होती, ती छापण्यासाठी. शहरातल्या अतिथिगृहांच्या मंडळाने ठरवलं होतं की योमरी पौर्णिमेच्या सणापासून प्रत्येक खोलीत एक पुस्तक ठेवायचं. उद्या दुपारी बारापर्यंत आशारत्नांची वही यंत्रावर चढली तर ती, नाही तर टंकनाथची पुस्तिका. आंधळा होत चाललेला माणूस दुसरी वही लिहिणार नव्हता, हे त्या खोलीतल्या दोघांनाही कळत होतं.

हेराकाजी उठला. "मोतीदिदीला बोलावतो," तो म्हणाला.

२

मोतीकेशरी तुलाधर टपाल खात्यातून निवृत्त झाली, त्याला चार वर्षं झाली होती. एकतीस वर्षं ती पत्ता न लागणाऱ्या पत्रांच्या टेबलावर बसली होती. घरांना क्रमांक नसलेल्या या शहरात 'दातदुखीच्या देवामागे, लाल खिडकी, थोरल्या काकूंस' एवढ्यावर तिनं पत्रं पोचवली होती. आता लोक तिच्याकडे हरवलेल्या अंगठ्या, रुसून गेलेल्या सुना शोधून मागायला येत, एकदा तर एक बकरासुद्धा. बकरा सापडला होता, थोडा उशिरा, ताटात.

ती आली ती हातात तांदळाच्या उकडीच्या गरम योमरींचा डबा घेऊनच. आधी तिनं आशारत्नांना एक योमरी खायला लावली.

"भूक नाही गं मोती."

"भूक नसली तरी आत गूळ आहे. गुळाला भूक लागत नाही. खा, आणि सकाळपासूनचं सांगा. घाई नाही."

आशारत्नांनी सांगितलं. साडेसातला नरदेवीच्या घरून निघालो. दर्शन घेतलं. इंद्रचोकात चहा प्यालो, तिथं तो टंकनाथ शेजारी येऊन टेकला. मग बसंतपूरच्या या मागच्या गल्लीत, छापखान्यात. नऊ वाजता.

"आणि पिशवी?"

"पिशवी माझ्याजवळच. घरून निघाल्यापासून अंगावेगळी केली नाही. एक क्षणही नाही."

"चहा पिताना?"

"बाकावर, मांडीला चिकटून. पट्टा मनगटाला गुंडाळलेला. मोती, डोळे गेलेत, अक्कल जायचीय अजून."

मोतीकेशरीनं पिशवी पाहिली. जुन्या कातड्याची, चाळीस वर्षांपूर्वी एका फ्रेंच जोडप्यानं दिलेली, कड्या झिजून गुळगुळीत झालेली. मग पिवळं फडकं उलगडून खिडकीशी धरलं. आतल्या बाजूला, मधोमध, शेंदराचा पुसट डाग होता आणि घडीत अक्षतांचे दोन दाणे अडकले होते. फडकं ज्यानं बांधलं होतं तो दोरा पांढरा, कच्च्या सुताचा.

"हेराकाजी, पुस्तकं शिवायला तू हाच दोरा वापरतोस?"

हेराकाजीचे कान लाल झाले. "दिदी, माझ्यावर संशय?"

"तुझ्या दोऱ्यावर. तू कुठे आलास त्यात?"

त्यानं आपली गुंडी आणून आपटली. त्याच्या दोऱ्याला मेण लावलेलं होतं, तो बोटांत चिकटत होता. हा दोरा कोरडा होता, हातानं वळलेला, कुठे जाड कुठे बारीक. मोतीकेशरीनं तो नाकाशी नेला आणि पदराच्या गाठीत बांधून टाकला.

भिंतीवर हेराकाजीनं ठिकाणांची यादी लावली होती. एकपासून एकशेसातपर्यंत. एकशेआठपुढे कोरी जागा.

"हे काय राहिलं?"

"आशादाजू सांगतच नाहीत," हेराकाजी म्हणाला. त्यांना सगळं गाव दाजू म्हणायचं, थोरला भाऊ. "म्हणाले, छापताना कळेल. सगळं गाव पैजा लावतंय."

मोतीकेशरीनं आशारत्नांकडे पाहिलं. त्यांच्या टोपीत कानाशी खोचलेलं झेंडूचं फूल अजून ताजं होतं आणि कपाळावर लाल टिळा होता. योमरीचा गूळ त्यांच्या हनुवटीवर ओघळला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. तिनं आपल्या रुमालानं तो पुसला. तिला रागही आला आणि वाईटही वाटलं, आणि राग नक्की कुणाचा करायचा हे अजून ठरलेलं नव्हतं.

३

आशारत्नांच्या घरी जावई सुवर्ण दारातच भेटला. समोरचं जुनं घर पाडून तिथं तो पाच मजली अतिथिगृह उठवत होता आणि अंगणात जुन्या कौलांचा ढीग लागला होता.

मोतीकेशरी त्या ढिगाकडे बघत उभी राहिली तसा तो हसला. "बघा, बघा. छापखान्यातून फोन आला तेव्हाच म्हटलं बायकोला, आता मोतीदिदी येणार आणि माझी कौलं मोजणार."

"मोजली. तुला काय मिळालं असतं वही गायब करून?"

"मला? उलट माझं नुकसान! एकशेआठवं ठिकाण म्हणजे आमचं हे घर, मला खात्री आहे. सासरेबुवा दुसरं कुणाचं नाव घालणार? मी तर परवा पलाबहालात, त्या देवळाच्या चौकात, सगळ्या म्हाताऱ्यांना सांगून आलो. म्हटलं, पुस्तकात काही म्हणून सुटलेलं नाही, सगळ्या गल्ल्या, सगळे चौक. पौर्णिमेनंतर बघा, पाहुण्यांची रांग लागेल."

"त्या काय म्हणाल्या?"

"त्या म्हाताऱ्या! वाळत घातलेली मोहरी चाळत बसल्या होत्या. एकीनंही मान वर केली नाही."

आतून त्याची बायको, आशारत्नांची मुलगी, डोळे पुसत आली. वही तिनंच पिवळ्या फडक्यात गुंडाळली होती, लाल फितीनं बांधली होती आणि पिशवीत घालून पिशवी स्वतःच्या हातानं वडिलांच्या खांद्यावर अडकवली होती. त्यांनी पाऊल बाहेर टाकलं तेव्हा आत वहीच होती, तिनं देवाची शपथ घेतली. सुवर्ण तेव्हा कुठे होता? वरच्या मजल्यावर, दाढीला साबण लावून, गवंड्यावर ओरडत. अख्ख्या गल्लीनं ते ऐकलं होतं.

मोतीकेशरीनं वाकून ढिगातलं एक कौल उचललं. काळपट, शेवाळलेलं, कोपरा झडलेला. हाताला काळं लागलं. पिशवीतल्या कौलांवर तर भट्टीची लाल धूळ होती.

"तुझ्याकडे नवी कौलं नाहीत ना?"

"नवी कौलं? दिदी, मी सपाट छत टाकतोय!" सुवर्ण दुखावल्यासारखा म्हणाला. "कौलं आता लावतं कोण?"

हा प्रश्न चांगला होता. मोतीकेशरीनं तोही दोऱ्याशेजारी ठेवून दिला.

४

टंकनाथ घिमिरे हनुमानढोक्याजवळ एका जुन्या चौकाच्या दारात सापडला. तोंडापुढे ध्वनिवर्धक धरून तो आठ पाहुण्यांना कमरेचे पट्टे काढायला लावत होता. एक उंच गोरा गृहस्थ दोन्ही हातांनी पॅन्ट धरून उभा होता आणि तरीही प्रसन्न दिसत होता.

"या दिदी, या! चोर पकडायला आलात ना? हा बघा चोर!" टंकनाथ ध्वनिवर्धकातच म्हणाला. सगळा चौक वळून पाहू लागला.

"आधी तो भोंगा खाली ठेव. आणि त्यांना त्यांचे पट्टे परत मिळतील ना, तेवढं बघ."

टंकनाथनं भोंगा काखेत धरला. माणूस बडबड्या होता, थापाड्या होता, पण आज त्याच्या डोळ्यांत भीती होती. वही गेली तर पुस्तिका त्याची लागणार होती आणि उद्यापासून सगळं शहर त्याला चोर म्हणणार होतं.

"ती बारा वर्षांपूर्वीची पानं मी उचलली, कबूल," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याची लाज वाटते, पण उचलली. पण वही? दिदी, आशादाजूंनीच मला बोलायला शिकवलं. मी पहिल्यांदा स्वयंभूच्या स्तूपाच्या पायऱ्यांवर अडखळलो, तेव्हा माझ्या जागी उभं राहून त्यांनी पाहुण्यांना सांगितलं."

"मग आज चहाला शेजारी का बसलास?"

"एकशेआठवं ठिकाण कुठलं ते काढून घ्यायला. माझ्या पुस्तिकेत मी एका दगडाची गोष्ट मनानंच रचलीय. वाटलं, म्हाताऱ्यानं शेवटच्या पानावर माझीच सालटी काढली असतील."

"सांगितलं त्यांनी?"

"छे. हसले नुसते. आले, पिशवी बाकावर ठेवली, खट्कन् आवाज झाला. मी म्हटलं, दाजू, पुस्तक छापायला नेताय की घर बांधायला? तेव्हाही हसले."

मोतीकेशरी जागच्या जागी थांबली. "काय आवाज झाला?"

"खट्. दगडावर दगड ठेवल्यासारखा."

"कधी? बसल्यावर, की नंतर?"

"आल्या आल्या. बुड टेकायच्या आधी."

ती तिथून तडक इंद्रचोकात गेली. चहावालीनं विचारायच्या आधीच सांगितलं की हो, पिशवी आपटली तेव्हा तिच्या कपबश्या हलल्या होत्या, आणि तो भोंगेवाला तेव्हा अजून रस्त्याच्या पलीकडेच होता.

म्हणजे चहाच्या आधीच पिशवीत कौलं होती. टंकनाथ सुटला. हेराकाजी तर आपोआपच सुटला. आणि मुलीनं पिशवी खांद्यावर अडकवली तेव्हा आत वही होती, म्हणून सुवर्णही सुटला. नरदेवी ते इंद्रचोक, मधे पाऊण तास, मधे एक देवदर्शन, आणि पिशवी एक क्षणही अंगावेगळी नाही.

संध्याकाळ होत आली होती. मोतीकेशरी चहाच्या बाकावर बसून राहिली. संशयितांची यादी संपली होती आणि चोरी मात्र जिथल्या तिथे होती.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ती आशारत्नांच्या दारातून निघाली. पत्ता लागत नसला की टपाल खात्यात ती हेच करायची. पत्र हातात घ्यायचं आणि पाय नेतील तिकडं जायचं.

हवेत धुकं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं ती चालली. नरदेवीला हात जोडले. दातदुखीच्या देवाशी आली, तिथल्या खिळ्यांनी भरलेल्या लाकडाला सवयीनं गाल दाखवला. भाजीवाल्यांच्या गर्दीत तिनं आपली पर्स छातीशी धरली. इथं कुणी पिशवीत हात घातला असता? घातला असता. पण वही काढून, फडकं सोडून, कौलं गुंडाळून, दोरा बांधून, गाठोडं परत ठेवायचं? त्याला मांडी घालून बसलेला माणूस हवा, घाई नसलेला.

आणि तो शेंदूर. चोरानं वही कपाळाला लावली होती. आधी फडक्यावर वही ठेवून अक्षता वाहिल्या होत्या, विद्येची वस्तू म्हणून. असा चोर तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

आशारत्न रोज दर्शन घेत, त्या पलाबहालाच्या बुटक्या दारातून ती वाकून आत शिरायला निघाली. उंबऱ्याशी चिनीमाया बसली होती, गेली तीस वर्षं बसायची तशी, मांडीवर कापूस घेऊन वाती वळत. सत्तरीची, सुपारीएवढी बाई. बहालात कुणी म्हातारं आजारी असलं तर औषध तीच पोचवायची आणि देवाचे दिवेही तीच लावायची. मोतीकेशरीनं तिला "काय चिनीमाया" म्हटलं, चौकात पाऊल टाकलं. मधल्या चैत्याला उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा घातली. डावीकडच्या छपरावर गवंडी चढले होते. भूकंपात खचलेली ती बाजू एकदाची दुरुस्त होत होती, भिंतीशी नव्या कौलांची चळत होती. चौकात कोवळं ऊन उतरू लागलं होतं. चार म्हाताऱ्या उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. एक जण दुसरीच्या केसांना तेल लावत होती.

मोतीकेशरीनं देवापुढे ठेवायला सुटे तांदूळ काढावेत म्हणून पर्स उघडायला हात नेला.

पर्स खांद्यावर नव्हती.

गर्दीत मारली कुणी? मग तिनं मागे वळून दाराकडे पाहिलं. चिनीमायाच्या शेजारी वेताची मोठी टोपली होती, वर लाल फडकं. फडक्याखालून तिच्या पर्सचा कातडी पट्टा डोकावत होता.

बहालात कातडं न्यायचं नाही. लहानपणापासून ती इथं येत होती. आत शिरताना पर्स टोपलीत जायची, बाहेर पडताना परत खांद्यावर यायची, आणि हे आपण करतो हे तिला आजवर कधी जाणवलंच नव्हतं. आत्ता, या क्षणी, पर्स ठेवल्याचं तिला आठवतही नव्हतं.

६

मोतीकेशरी परत दाराशी आली आणि चिनीमायाच्या शेजारी थंड पायरीवर बसली. पदराची गाठ सोडून तिनं तो दोरा काढला आणि वातींशेजारी ठेवला. तोच पीळ, तेच कुठे जाड कुठे बारीक वळण. तुपाचा वास तिला काल छापखान्यातच आला होता.

चिनीमायाचे हात थांबले.

"काल त्यांची पिशवी किती वेळ होती तुझ्याकडे?" मोतीकेशरीनं विचारलं.

"रोजच्याइतकाच. अर्धा तास बसतात ते उन्हात." चिनीमायाचा आवाज अगदी बारीक होता. "दाजू रडले का गं?"

"अजून नाही. आज बारा वाजता रडतील."

"बारा? पौर्णिमा तर परवा आहे! पौर्णिमा गेली की मी परत ठेवणार होते. आईशपथ. मुहूर्त टळला की छापणं टळेल, एवढंच वाटलं मला."

"छापणं टळलं तर टंकनाथची पुस्तिका लागेल."

चिनीमायानं कपाळावर हात मारला. मग कापूस बाजूला ठेवून ती उठली, देवळाच्या कोनाड्यातली लाकडी पेटी तिनं उघडली. पोथ्यांवर, लाल फितीनं बांधलेली, वही होती. वर आजचं ताजं फूल.

"फाडणार होते एक पान," ती म्हणाली. "आपल्या बहालाचं. पण मला वाचता कुठे येतं? चैत्याचं चित्र दिसेल म्हणून सगळी पानं चाळली, दिसलं नाही. आणि दिसलं असतं तरी पुस्तक फाडायला हात धजला नसता."

"पण आपल्या बहालाचं पान आहे, हे कुणी सांगितलं तुला?"

"त्यांनीच. परवा म्हणाले, चिनी, एकशेआठवं ठिकाण मला सगळ्यांत प्यारं आहे, ते मी शेवटी ठेवलंय. रोज इथं येऊन बसतात, मग दुसरं कुठलं असणार? वर तो जावई येऊन सांगून गेला, रांग लागेल म्हणून." तिनं आत, उन्हातल्या म्हाताऱ्यांकडे हात केला. "पलीकडचा चौक टंकनाथच्या पुस्तिकेत आला तेव्हा काय झालं, माहितीय ना? कॉफीचं दुकान आलं. मोहरी वाळत घालायला जागा नाही. केस विंचरताना फोटो काढतात गं! या चौघींना जायला दुसरं ऊन आहे का कुठे?"

"मग त्यांना सरळ सांगायचं, हे पान काढा म्हणून."

"कसं सांगू?" चिनीमाया एकदम चिडली. "डोळे चाललेत त्या माणसाचे. त्याला जे प्यारं वाटलं ते त्यानं लिहिलं. त्याला सांगू, तुझ्या आवडीची जागा खोड? तू सांगितलं असतंस?"

तेवढ्यात गल्लीतून काठीचा ओळखीचा टकटक आवाज आला. जगबुडी झाली तरी आशारत्न ताम्राकारांचं दर्शन चुकणार नव्हतं.

७

ते बुटक्या दाराशी आले, वाकले, आणि बोलता बोलताच रिकामी पिशवी खांद्यावरून उतरवून टोपलीत ठेवली. हाताला टोपली बरोबर सापडली, चाचपडावं लागलं नाही.

"आशादाजू," मोतीकेशरी म्हणाली, "तुम्ही आत्ता काय केलंत?"

"काय केलं? दर्शनाला आलो."

"पिशवी कुठाय?"

त्यांचा हात खांद्याकडे गेला आणि तिथंच राहिला. त्यांनी मान टोपलीच्या दिशेला वळवली. चेहऱ्यावरचा रंग एकदा उतरला, मग हळूहळू परत आला. चिनीमायानं वही त्यांच्या दोन्ही हातांत दिली आणि आपले हात जोडून उभी राहिली. ते जोडलेले हात त्यांना दिसले नाहीत. त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं, लाल फीत चाचपली, वरचं फूल सापडलं तेव्हा थबकले.

"चिनी? तू?"

"एकशेआठवं पान," चिनीमाया कसंबसं म्हणाली. "दाजू, तेवढं नका छापू. माझ्यासाठी नाही. ह्यांच्यासाठी."

आशारत्नांनी दीर्घ श्वास घेतला. मग वही मोतीकेशरीपुढे धरली. "वाच. शेवटचं पान. मोठ्यानं वाच, आतल्यांनाही ऐकू जाऊ दे."

मोतीकेशरीनं चष्मा लावला. शेवटच्या पानावर चित्र नव्हतं. अक्षर वाकडंतिकडं होतं, डोळे जाताना लिहिलेलं.

"'एकशेआठ,'" तिनं वाचलं. "'पाहुण्यांनो, एकशेसात ठिकाणं मी तुम्हाला दाखवली. एकशेआठवं माझं आहे, ते मी सांगणार नाही. मागच्या बेचाळीस वर्षांत तुमच्यापैकी कुणालाही तिथं नेलं नाही. वाटेत तुम्ही त्याच्या दारावरून दोनदा गेलात, तेव्हा मी मुद्दाम तुम्हाला दुसऱ्या बाजूची खिडकी दाखवत होतो, त्याबद्दल माफी असावी. आता तुमचे पाय दुखत असतील. जिथं ऊन असेल तिथं जरा बसा. पुन्हा त्याच उन्हात येऊन बसावंसं वाटलं तर ते तुमचं एकशेआठवं. कुणाला सांगू नका.'"

तेल लावणाऱ्या म्हातारीचा हात दुसरीच्या डोक्यावर तसाच राहिला होता. छपरावरच्या गवंड्यानंही थापी थांबवली होती.

चिनीमाया मटकन् पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. "मी मेली अडाणी," ती म्हणत होती. "मी मेली अडाणी. वाचता आलं असतं तर..."

"वाचता आलं असतं तर आज सकाळी ऐकायची मजा गेली असती," आशारत्न म्हणाले. त्यांचाही आवाज ओला झाला होता, पण ते हसत होते. "आणि चोरी केलीस ती केलीस, वर कौलं? दोन कौलं खांद्यावर वाहून माझा खांदा दुखतोय कालपासून."

"वजन तेवढंच भरलं," चिनीमाया रडता रडता म्हणाली. आतल्या म्हाताऱ्या खुदखुदल्या, आणि मग चिनीमायालाही हसू आवरेना.

मोतीकेशरीनं घड्याळ पाहिलं. नऊला दहा कमी. बसंतपूर पायी वीस मिनिटं. "हेराकाजीला काय सांगायचं? आणि मंडळाला? आणि टंकनाथचा तर जीव टांगणीला लागलाय."

"सांग, म्हाताऱ्यानं वही पूजेला ठेवली होती आणि विसरला. टंकनाथला सांग, त्याच्या दगडाबद्दल मी चकार शब्द लिहिलेला नाही. झोपेल बिचारा." आशारत्न दर्शन घ्यायला आत वळले आणि पुन्हा थांबले. "पण एक आहे, मोती. मी काल खोटं बोललो नाही हं. पिशवी अंगावेगळी केली नाही, असंच मला वाटत होतं."

"टोपलीत ठेवली होती की, दाजू."

"हो ना. पण चिनीची टोपली दुसऱ्याची आहे, असं मला कधी वाटलंच नाही."

चिनीमायानं पदर खाली घेतला. तिनं टोपलीवरचं लाल फडकं सारखं केलं आणि टोपली मोतीकेशरीकडे सरकवली. "आजपासून तुम्ही दुसरीकडे ठेवा, दाजू," ती म्हणाली. "मला नको. मला भीती वाटते."

आशारत्न परत आले आणि मोतीकेशरीकडून वही मागून घेतली. वाकून, हातानं चाचपत, त्यांनी वही टोपलीत ठेवली, वर फडकं ओढलं, आणि चैत्याला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणेला निघाले. अर्धा तास उन्हात बसल्याशिवाय ते छापखान्यात जाणार नव्हते. चिनीमायानं कापूस मांडीवर घेतला आणि एक हात टोपलीवर ठेवून, एकाच हातानं वात वळायला लागली.